छाटणी झाली का?

दसऱ्याच्या आगेमागे एका रात्री आमच्याकडचा फोन वाजतो. साताऱ्यात साडेनऊ झालेले असतात. जेवणे आटोपून मी मुलांच्या वह्या तपासायला बसलेला असतो. न्यू जर्सीत त्या वेळी दुपारचे बारा असतात. फोनवर अण्णा असतात. ते प्रकृती विचारीत नाहीत, पाऊसपाणी विचारीत नाहीत, माझ्या नव्या कादंबरीचे तर नावही काढीत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "काय गुरुजी, छाटणी झाली का?"

ज्यांच्या दारात गुलाब नाही त्यांना या प्रश्नातली निकड कळायची नाही. आपल्याकडे पाऊस ओसरला, जमिनीला वाफसा आला, की ऑक्टोबरात गुलाब छाटतात. वर्षभर ज्याला तळहातावरच्या फोडासारखे जपले त्याच झाडावर कात्री चालवायची, आणि तीही भीतभीत नव्हे. वाळलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या तळापासून काढायच्या. उरलेल्या चारपाच दमदार फांद्या बाहेरच्या अंगाचा डोळा हेरून, त्याच्या पाव इंच वर तिरक्या कापायच्या. जखमेला मोरचूद-चुन्याचा लेप द्यायचा, बुंध्याची माती हलवून शेणखत आणि निंबोळी पेंड घालायची आणि मग गप्प बसायचे. ते गप्प बसणेच सगळ्यांत कठीण! आठपंधरा दिवसांत डोळे फुगतात, तांबूस पालवी डोकावते आणि सुमारे दीडेक महिन्याने थंडी अंगाला बोचू लागते तेव्हा पहिली कळी उमलते. म्हणजे इकडे फराळाचे डबे भरत असतात तेव्हा गुलाब बिचारा अगदी बोडका उभा असतो.

मी पहिल्या वर्षी छाटायला बसलो आणि प्रत्येक फांदीचे शेंडे दोन दोन बोटे उडवून मोठ्या समाधानाने उठलो. कुंपणापलीकडून अण्णा पाहत होते. म्हणाले, "गुरुजी, न्हाव्यानं तुमचे केस एवढेच कापले तर तुम्ही त्याला पैसे द्याल का?" आणि कुंपण ओलांडून येऊन त्यांनी माझ्या हातातून कात्री घेतली. पाच मिनिटांत माझी चार झाडे गुडघ्याएवढी झाली. माझ्या पत्नीने त्या दिवशी अण्णांशी बोलणे टाकले होते. डिसेंबरात पहिली परडी भरली तेव्हा ती स्वतः त्यांना चहाला बोलावून आली.

मी २००८ साली साताऱ्याच्या शाळेत आलो आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी अण्णांच्या शेजारी बिऱ्हाड केले, तेव्हा मला गुलाब फक्त उपमेपुरता ठाऊक होता. कादंबरीकाराला तेवढा पुरतो. माझे वनस्पतिशास्त्र दहावीच्या पुस्तकापाशी थांबलेले. पण अण्णांचा ओटा ही एक निराळीच शाळा होती. पोस्टातून निवृत्त झालेला हा माणूस दर रविवारी सकाळी ओट्यावर सतरंजी टाकायचा आणि गावातली गुलाबवेडी माणसे एकेक करून गोळा व्हायची. एक शिंपी, एक बँकेतले कारकून, एका डॉक्टरांची पत्नी, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर. इतर ठिकाणी ही माणसे एकमेकांशी चार शब्द बोलली असती की नाही, शंका आहे. इथे मात्र मावा आणि तुडतुडे, पानांवरचे काळे ठिपके, शेंड्याकडून काळी पडत खाली येणारी फांदी, हाडांचा चुरा चांगला की पेंड, यांवर दोन दोन तास गरम चर्चा चाले. 'ग्लॅडिएटर' हा गुलाब आहे की नुसता बाजारचा माल, यावरून शिंपी आणि कंडक्टर महिनाभर अबोला धरून होते. डॉक्टरीणबाईंना 'पापा मेयाँ'च्या काळसर तांबड्या रंगापुढे दुसरे काही दिसत नसे. कारकुनांकडे पांढराशुभ्र 'डॉ. होमी भाभा' होता. गव्हाच्या वाणांवर आयुष्य वेचलेल्या डॉ. बेंजामिन पाल यांनी फावल्या वेळात जे गुलाब तयार केले त्यांपैकी तो एक. पालांचे १९६६ साली निघालेले भारतातील गुलाबांवरचे पुस्तक अण्णांकडे होते. खाकी कव्हर घातलेले ते पुस्तक पोथीसारखे फडक्यात बांधलेले असायचे आणि ते हातात घेण्यापूर्वी हात धुवावे लागत.

या सगळ्या थोरामोठ्यांच्या मेळ्यात, विहिरीकडेच्या कोपऱ्यात, एक गावठी गुलाब होता. फिका गुलाबी, फार तर अडीच इंचांचे फूल, पाकळ्यांची दाटी झालेली, आकाराला फारसा डौल नाही. पण वास! सकाळी आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली की फोडणीच्या वासावरही तो मात करायचा. त्याला सगळे 'काकूंचा गुलाब' म्हणत. अण्णांच्या पत्नी पहिल्या दिवाळसणाला वाईला माहेरी गेल्या, तेव्हा परतताना त्यांनी परसातल्या झाडाच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत पैठणीखाली ठेवून आणल्या होत्या. पैठणीला डाग पडला तो शेवटपर्यंत गेला नाही. काकूंनी तो मला एकदा दाखवला होता, एखादा दागिना दाखवावा तसा. त्या पाकळ्यांत खडीसाखर घालून त्या बरणी उन्हात ठेवीत आणि चैत्रात आळीतल्या प्रत्येक घरी चमचा चमचा गुलकंद जाई.

एका जानेवारीत मी आणि अण्णा पुण्याला एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनाला गेलो. अण्णांनी काकूंच्या गुलाबाची तीन फुले ओल्या कापसात बसवून डब्यातून नेली होती. स्पर्धेसाठी नव्हे, नाव विचारायला. एका जाणत्या गृहस्थांनी फूल हातात घेतले, हुंगले, पानांची दले मोजली आणि हसून म्हणाले, "अहो, हा तर एडवर्ड! उत्तरेकडे ह्याच्या खुंटावर चांगल्या गुलाबांचे डोळे भरतात. हा काडीवर लागतो, काटक असतो. खुंट म्हणून उत्तम."

खुंट म्हणून उत्तम! मला फार वाईट वाटले. ज्याच्या अंगावर दुसऱ्यांनी फुलायचे आणि ज्याचा स्वतःचा फुटवा दिसला की माळ्याने उपटून टाकायचा, तो हा. अण्णांना मात्र अजिबात वाईट वाटले नाही. परतीच्या एसटीत ते खुषीत होते. हिंदी महासागरातल्या ज्या बेटाला आज रियुनियन म्हणतात आणि पूर्वी बूर्बाँ म्हणत, तिथल्या कुंपणांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा गुलाब लोकांच्या डोळ्यांत भरला. दमास्कसचा गुलाब आणि चीनचा गुलाब यांचे हे अपत्य. हे सारे त्या गृहस्थांनी त्यांना सांगितले होते. "म्हणजे बघा गुरुजी," अण्णा म्हणाले, "कुठलं दमास्कस, कुठला चीन आणि कुठली वाई! हातोहात आला बेटा." घरी आल्यावर काकूंना त्यांनी हे सांगितले. त्या म्हणाल्या, "बरं. चहा ठेवू का?"

हातोहात हा अण्णांचा आवडता शब्द होता. ओट्यावर ते एक गोष्ट वारंवार सांगत. फ्रान्समध्ये मेयाँ घराण्यातल्या फ्रान्सिस नावाच्या तरुणाने एक पिवळा, कडांना गुलाबी झाक असलेला गुलाब तयार केला. दुसरे महायुद्ध तोंडावर आले होते. त्याने त्या गुलाबाच्या डोळ्यांच्या काड्या जर्मनीला, इटलीला आणि अमेरिकेला पाठवून दिल्या. मग युद्ध पेटले, पत्रव्यवहार तुटला. कुठे काय जगले, कुणाला पत्ता नाही. फ्रान्समध्ये त्याने त्या गुलाबाला आपल्या आईचे नाव दिले, जर्मनांनी आपले, इटालियनांनी आपले आणि १९४५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत त्याला 'पीस', म्हणजे शांती, हे नाव मिळाले. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या देशांत एकच झाड चार नावांनी वाढत होते! "त्या पोरानं काड्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या असत्या तर?" एवढे विचारून अण्णा तपकिरीची चिमूट घेत. गोष्ट तिथे संपे.

आणि अण्णा नुसते बोलत नसत. छाटणीच्या दिवशी निघालेली एकही जून काडी त्यांच्याकडे कचऱ्यात जात नसे. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या निवडून, दहादहाच्या जुड्या सुतळीने बांधून, त्यावर नावाच्या चिठ्ठ्या लावून ते ओट्याच्या कठड्यावर मांडून ठेवत. ज्याला हवी त्याने न्यावी. विचारायचे नाही आणि आभारही मानायचे नाहीत. आभार मानले की रोप जगत नाही, असे ते म्हणत. मनीप्लँट चोरूनच आणावा लागतो, त्यातलाच हा प्रकार असावा. माझ्या परसातला काकूंचा गुलाब असाच २०१० साली त्या कठड्यावरून आला.

काकू गेल्या. मग अण्णांच्या मुलीने त्यांना अमेरिकेला नेले आणि २०१८ साली ते घर विकले गेले. ओटा, विहीर, विहिरीकडेचा कोपरा, सगळ्यावरून यंत्र फिरले. आता तिथे पाच मजल्यांची इमारत आहे आणि तिच्यापुढे रीतसर 'लँडस्केपिंग' केलेले आहे. मेक्सिकन गवताची गादी, तिच्यात पांढऱ्या गोट्यांची नागमोडी वाट आणि कवायतीला उभे केल्यासारखे सहा पाम. दिसते छानच, उगाच नावे कशाला ठेवू? पण त्या हिरवळीवर मी आजवर कुणाला बसलेले पाहिलेले नाही. ठेक्याचा माळी आठवड्याला येतो, यंत्र फिरवतो आणि जातो. फुलाचा वास येईल असे तिथे काही नाही.

आता जे सांगायचे ते सांगताना माझी लेखणी अडखळते.

ओट्याबरोबर ती मंडळीही पांगली. शिंपी मुलाकडे पुण्याला गेले, कंडक्टर वारले. काकूंच्या गुलाबाच्या जुड्या ज्यांनी ज्यांनी नेल्या होत्या त्यांच्याकडे चौकशी केली, तर कुणाचे झाड घर बांधताना गेले होते, कुणाचे वाळवीने खाल्ले होते. एकूण माझ्या ध्यानात आले की, आमच्या माहितीत तरी ते झाड आता माझ्या एकट्याकडे उरले आहे. त्याच सुमारास माझ्या एका कादंबरीत तो गुलाब आला होता. दोनचार वाचक आवर्जून घरी येऊन झाड पाहून गेले. मी त्यांना पैठणीच्या डागाची गोष्ट सांगे आणि ते एकेक फूल हुंगून, "वा!" म्हणून जात. काडी कुणी मागितली तर मी हसून विषय बदली. वस्तू एकमेव असली की तिच्या मालकालाही आपण एकमेव आहोत असे वाटू लागते. हे मला आज लिहिता येते. तेव्हा मी त्याला 'जपणे' म्हणत होतो.

आमच्या शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी आहेत. एकदा मी ते फूल टेबलावर ठेवले होते. मावशी झाडता झाडता थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, ह्यो वास माझ्या आईच्या डोक्याला यायचा. एक काडी देता का?" मी म्हणालो, "देईन ना मावशी, पण आता उन्हाळा आहे. पावसाळ्यात देतो." पावसाळ्यात त्यांनी आठवण केली तेव्हा म्हणालो, "आता पाण्यानं कुजेल. छाटणीच्या वेळी देतो." छाटणीच्या वेळी त्यांनी विचारले नाही. मला हायसे वाटले, हेही सांगून टाकतो.

२०२१च्या जुलैत साताऱ्याकडे जो पाऊस कोसळला तो वाचकांना आठवत असेल. जिल्ह्यात दरडी कोसळून माणसे गाडली गेली, संसार उघड्यावर आले. अशा दिवसांत एका झाडाचे दुःख बोलून दाखवण्याचीही लाज वाटावी आणि मी ते कुणाला बोललोही नाही. परसात चार दिवस पाणी साचून राहिले. ओसरले तेव्हा पाने पिवळी पडली, मग शेंडे काळे झाले आणि तो काळेपणा वातीसारखा खाली खाली उतरत बुंध्यापर्यंत गेला. मी कापत गेलो, लेप देत गेलो, शेवटी उकरून पाहिले तर मुळे हाताला चिखलासारखी लागली. घरात काडी म्हणून उरली नव्हती. देऊन ठेवलेली तर कुणाकडेच नव्हती.

दसऱ्याला फोन आला. "छाटणी झाली का?"

"झाली, अण्णा," मी म्हणालो.

एकदा खोटे बोलल्यावर पुढचे सोपे जाते. "किती डोळे ठेवलेत?" "पाच." "लेप दिलात?" "दिला." कादंबरी लिहिण्याचा सराव उपयोगी पडला. असे तीन दसरे गेले. २०२२ला तर मी, यंदा कळ्या चांगल्या येतील असे दिसते, अशी पुस्तीही जोडली होती!

छाटणीची चौकशी संपली की अण्णा त्यांच्याकडचे सांगत. मुलीच्या घरामागे मोठमोठी झाडे आहेत, ऊन म्हणून येत नाही. तिथे गुलाब कसला लागतो? शिवाय तिथली रीतही उलटी. आपण दिवाळीत छाटतो, ते लोक दिवाळीच्या सुमारास बुंध्याला मातीची भर घालून गुलाब झोपवतात आणि कात्री लावतात ती वसंतात. अण्णा पहिल्या वर्षी फार हिरमुसले होते. मग शेजारच्या एका वृद्ध बाई फावडे आणि एक भलामोठा गड्डा घेऊन दारात आल्या. त्यांनी आपल्या बागेतला होस्टा फावड्याने मधोमध चिरून अर्धा यांच्यासाठी आणला होता. होस्टा म्हणजे सावलीत वाढणारे पानांचे झाड. मूळचे जपान, चीन, कोरियाकडचे. "अगदी आपल्या अळूसारखं दिसतं हो," अण्णा सांगत. "निळसर पान, पांढऱ्या कडेचं, पिवळट, नाना तऱ्हा. जपानात कोवळे कोंब भाजी करून खातात म्हणे. मी मुलीला म्हटलं, वड्या करून बघू. ती रागावली." हरणांना तो फार आवडतो आणि रात्रीतून बाग फस्त होते. गोगलगाईंचा त्रास तर विचारू नका. हिवाळ्यात सगळे पान नाहीसे होते, बर्फाखाली काही आहे याची खूणही राहत नाही आणि वसंतात जमिनीतून गुंडाळलेल्या पानांचे टोकदार कोंब वर येतात. ती थंडी लागते म्हणून आपल्याकडे सपाटीवर तो नांदत नाही, नाहीतर अण्णांनी मला पार्सल केला असता. आता त्यांच्याकडे अकरा प्रकार आहेत आणि तेही फावड्याने चिरून शेजाऱ्यापाजाऱ्यांना देतात. मी ऐकत असे आणि माझी मान आपोआप खाली जाई.

२०२४च्या मेअखेरीस मावशींची मुलगी दहावी पास झाली. पेढे द्यायला त्या घरी आल्या आणि मुलीला काही पुस्तके हवी होती म्हणून मी ती घेऊन त्यांच्याकडे गेलो. शहराच्या कडेला दोन खोल्यांचे घर. दारात मी चप्पल काढायला वाकलो आणि तसाच राहिलो. वास आला होता. वर पाहिले तर भिंतीच्या कडेला, पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात, छातीएवढे झाड आणि त्यावर दोन फुले. फिकी गुलाबी, पाकळ्यांची दाटी झालेली.

मावशी गोऱ्यामोऱ्या झाल्या. "गुरुजी, रागवू नगा. त्या वर्षी दिवाळीची पोस्त मागाया आल्ते, तवा तुमच्या दाराम्होरं छाटलेल्या काड्या पडल्या व्हत्या, घंटागाडीसाठी. त्यातल्या उचलल्या. तुमी न्हाई म्हणाल म्हून इचारलं न्हाई."

माझ्या तोंडून काही निघेना. त्यांना वाटले मी खरोखरच रागावलो. मग मी सगळे सांगितले, झाड कुजल्याचेही आणि पावसाळ्या-उन्हाळ्याच्या सबबींचेही. मावशींनी शांतपणे ऐकून घेतले आणि आत जाऊन विळी आणली. मी म्हणालो, "अहो, विळीनं नको, कात्री आणतो." त्या म्हणाल्या, "माझ्या आईनं विळीनंच कापल्या," आणि सात काड्या कापून माझ्या हातात ठेवल्या. आभाराचा शब्द माझ्या ओठांवर आला होता, तो मी गिळला. घरी येऊन त्या कोरफडीच्या गरात बुडवून वाळू-मातीत लावल्या. पाच काळ्या पडल्या. दोन फुटल्या.

त्या दसऱ्याला फोन आला तेव्हा मी दोन वेळा पाणी प्यालो. "छाटणी झाली का?" "नाही, अण्णा." आणि तीन वर्षांचे सारे सांगून टाकले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटले फोन तुटला. मग आवाज आला, "त्या मावशींच्या झाडाची छाटणी कोण करतं?"

पुढच्या रविवारी मी कात्री, मोरचूद, चुना घेऊन मावशींच्या दारात हजर झालो. त्या कमरेवर हात ठेवून शेजारी उभ्या राहिल्या आणि माझ्या प्रत्येक कापावर, "बेतानं, गुरुजी, बेतानं," म्हणत होत्या. गावठी गुलाबाला कात्री हलकीच लावायची असते, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. चांगल्या अशा चोवीस काड्या निघाल्या. मी सुतळीने जुड्या बांधल्या आणि कठड्याच्या जागी त्यांच्या पाण्याच्या पिंपावर ठेवल्या. संध्याकाळपर्यंत आळीतल्या बायकांनी त्या नेल्या. चार माझ्या वाट्याला आल्या होत्या. त्या मी अण्णांच्या जागेवरच्या इमारतीच्या पहारेकऱ्याला दिल्या. त्याने आपल्या केबिनच्या मागे, जिथे विहीर होती तिथून पाचसहा पावलांवर, त्या खोचल्या. एक लागली. ठेक्याचा माळी तिला उपटायला निघाला होता, नकाशात नाही म्हणून. पहारेकऱ्याने त्याला बजावले की ते झाड सोसायटीच्या अध्यक्षांच्या सासूबाईंनी देवपूजेसाठी लावले आहे. माळी मुकाट्याने गेला.

हे लिहितो आहे तेव्हा दसरा महिन्यावर आला आहे. पहारेकऱ्याच्या केबिनमागच्या झाडाचे अण्णांना अजून सांगितलेले नाही.